थंडीतला साप आणि आपला हात

थंडीत साप चावत नाही, असा समज गावोगाव आहे. सुरगाणा तालुक्याच्या पाड्यांवरही तो आहे आणि पुण्या-मुंबईत काचेच्या पेटीत परदेशी साप पाळणाऱ्या तरुणांमध्येही आहे. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी साप हातात घेतला की तो वळवळत नाही, फुत्कारत नाही, मनगटाला विळखा घालून निवांत पडून राहतो. पाहणाऱ्याला वाटतं, साप माणसाळला. खरं तर त्या वेळी त्याच्या अंगात पळून जाण्याचं बळच नसतं. थंडीत सापाला कसं हाताळायचं याबद्दल जे काही सांगण्यासारखं आहे ते या एका गोष्टीवर उभं आहे: गारठलेला साप शांत दिसतो, पण शांत नसतो.

आपलं शरीर खाल्लेल्या अन्नातून स्वतःची उष्णता तयार करतं आणि बाहेर काहीही असो, आतलं तापमान ३७ अंशांच्या आसपास राखतं. सापाकडे ही भट्टी नाही. तो ऊब बाहेरून घेतो, उन्हातून, तापलेल्या खडकातून, कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यातून. आपल्याकडचे बहुतेक साप शरीराचं तापमान २८ ते ३२ अंशांच्या आसपास असलं की नीट चालतात, नीट शिकार करतात, खाल्लेलं पचवतात. तापमान १० अंशांनी उतरलं की शरीरातल्या रासायनिक क्रियांचा वेग निम्म्यावर, कधी एक तृतीयांशावर येतो. हृदयाचे ठोके मंदावतात, स्नायू उशिरा आकुंचन पावतात, जीभ बाहेर येते तीही सावकाश. या व्यवस्थेचा फायदाही मोठा आहे. शरीर गरम ठेवण्याचा खर्च नसल्यामुळे साप एका शिकारीवर कित्येक आठवडे काढू शकतो. उंदरा-चिचुंद्र्यांना हे कधीच जमणार नाही.

यातून निघणारी एक गोष्ट पाळणाऱ्यांच्या चटकन लक्षात येत नाही. सापाला गोधडीत गुंडाळून तो गरम होत नाही. गोधडी आपल्याला ऊब देते, कारण ती आपलीच उष्णता अडवून धरते. सापाकडे अडवून धरण्यासारखं काही नसतंच. १५ अंशांचा साप गोधडीत ठेवला तर तो १५ अंशांवरच राहील, आणि सकाळी ऊन आलं तरी गोधडीमुळे त्याला ते लागणार नाही. सापांना विणलेले स्वेटर घालून फोटो काढतात, त्यांचंही असंच. उष्णतेचा स्रोत हवा, आणि त्यापासून दूर जाण्याची वाटही हवी.

एक अपवाद मात्र सांगायलाच हवा, कारण तो आपल्याच देशातल्या सापाचा आहे. अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते आणि स्नायू लयीत आकुंचित करत राहते, अक्षरशः कुडकुडते, आणि त्या श्रमातून अंड्यांना ऊब देते. १८४१ साली पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात व्हालांसियेन या प्राणिशास्त्रज्ञाने अंडी उबवणाऱ्या अजगराच्या वेटोळ्याचं तापमान मोजलं, तेव्हा ते भोवतालच्या हवेपेक्षा बरंच जास्त भरलं. पुष्कळांचा त्यावर विश्वास बसला नाही. १९६६ साली न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय अजगराच्या मादीवर नीट मोजमापं झाली आणि वाद मिटला. ही ऊब फक्त अंड्यांपुरती असते. एरवी अजगरही इतर सापांसारखा उन्हाच्याच भरवशावर राहतो. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात थंडीत अजगर दुपारच्या उन्हाला बिळाच्या तोंडाशी येऊन पडलेले दिसतात. बिळं पुष्कळदा साळिंदराची असतात आणि कधी कधी साळिंदर अजून आतच राहत असतं.

सुरगाण्याचा हिवाळा सापाच्या दृष्टीने कसा असतो ते पाहू. हा नाशिक जिल्ह्याचा पश्चिमेकडचा, गुजरातला लागून असलेला डोंगराळ भाग. नार आणि पार इथून पश्चिमेला वाहत जातात. पावसाळा भरपूर, हिवाळ्यात आकाश स्वच्छ. स्वच्छ आकाशाच्या रात्री जमीन झपाट्याने निवते आणि गार हवा उतारावरून दरीत, नदीकाठच्या खाचरांत उतरून साचते. त्यामुळे एकाच गावात टेकडीवरचा पाडा आणि नदीकाठचं शेत यांच्या पहाटेच्या तापमानात चांगलाच फरक असतो. दुपारी मात्र ऊन चटका देतं. काश्मीर-हिमाचलातल्यासारखी चार-चार महिन्यांची निद्रा इथल्या सापांना घ्यावी लागत नाही. ते रात्री बिळात, दगडी बांधाच्या फटीत, वारुळात, पेंढ्याच्या उडवीखाली दडतात आणि ऊन वर आलं की काही तास बाहेर पडतात. घराच्या कुडाला लागून रचलेलं सरपण, धान्याची कणगी, तिच्याभोवतीचे उंदीर, चुलीची ऊब, हे सगळं त्यांना ओढून आणतं.

सकाळी आठच्या सुमाराला पेंढी उचलली आणि खाली धामण सापडली, तर ती जवळून पाहण्यासारखी असते (हात न लावता, चार पावलांवरून). एरवी माणसाची चाहूल लागताच वीज चमकावी तशी नाहीशी होणारी ही सापीण त्या वेळी जागची हलत नाही. डोकं जरासं वर उचलते. जीभ बाहेर येते, हवेत क्षणभर थांबते, मग आत जाते. अंगाचा मागचा भाग आधी आकसतो आणि ती लाट पुढे यायला वेळ लागतो. ऊन अंगावर आलं की ती फासळ्या पसरून शरीर चपटं करते, म्हणजे उन्हाला जास्त पृष्ठभाग मिळतो. पाऊण-एक तासाने हीच धामण कुंपणाखालून कधी गेली ते कळणारही नाही.

आता चावण्याचं. गारठलेल्या सरपटणाऱ्या प्राण्यापुढे धोका आला की त्याच्याकडे पर्याय थोडे उरतात. इस्राएलमधल्या सरड्यांवर हर्ट्झ, ह्युई आणि नेव्हो या तिघांनी केलेला अभ्यास १९८२ साली प्रसिद्ध झाला. गरम सरडे धोका पाहताच पळून जात. गार सरडे मात्र जागीच उभे राहून तोंड वासत, अंगावर येत, चावत. वेगाने पळता येत नाही, तर अंगावर येणाऱ्याला घाबरवलेलं बरं, असा तो हिशेब. प्रत्येक जातीचा साप असाच वागतो असं नाही, पण हाताळणाऱ्याने हीच शक्यता धरून चालावं. गार सापाचा चावा आपण समजतो तितका मंद नसतो. पळायला सगळं अंग लागतं, चावायला मानेचा एक झटका पुरतो.

आपल्या भागात तर हिवाळ्याची एक खास धास्ती आहे, ती घोणसीची. घोणसींचा मिलनाचा काळ हिवाळ्यातच येतो. नर माद्यांच्या शोधात बाहेर पडतात, एकमेकांशी झुंजतात, आणि एरवी रात्री हिंडणारा हा साप थंडीत दिवसाही उन्हाला पडलेला सापडतो. पिल्लं उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्यात जन्मतात, एका वेळी वीस ते चाळीससुद्धा, आणि ती अंड्यांतून बाहेर येत नाहीत, थेट पिल्लंच होतात. घोणस जाड, आखूड, पाठीवर साखळीसारखे डाग असलेली. ती कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार टाकते, पण गारठलेली असेल तर फुत्कारही टाकेलच असं नाही. नवख्या माणसाला ती अजगराचं पिल्लू वाटते, आणि अजगर समजून घोणस उचलल्याने माणसं दगावली आहेत. इथल्या स्ट्रॉबेरीच्या शेतांतही तिची धास्ती असते, कारण वाफ्यांवर काळं प्लास्टिक अंथरलेलं असतं. ते उन्हाने लवकर तापतं आणि खाली दडायला जागाही देतं. पहाटे फळं तोडायला जाणाऱ्या बायांनी पानांत थेट हात घालू नये. आधी काठीने वाफा हलवावा, पायात गमबूट घालावेत, आणि शक्य असेल तर तोडणी ऊन आल्यावर सुरू करावी.

मण्यारीची गोष्ट वेगळी. दिवसा ती वेटोळ्यात डोकं खुपसून पडते, काठीने डिवचलं तरी सहसा चावत नाही, आणि त्यामुळे पुष्कळांना ती गरीब वाटते. रात्री हीच मण्यार जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि चाव्याची जागा पुष्कळदा दुखतसुद्धा नाही. थंडीने लाकडासारखा पडलेला साप मेला आहे असं समजून शेपटीने उचलणं हा तसाच जीवघेणा भ्रम. आसाममध्ये तर मारलेल्या नागाने आणि मण्यारीने चावून विषबाधा झाल्याच्या घटना डॉक्टरांनी नोंदवल्या आहेत. म्हणून मेलेला दिसणारा सापही काठीनेच हलवावा.

मग साप पाळावाच का, हा प्रश्न येतो. आपल्याकडचा साप पाळता येत नाही, हे स्वच्छ सांगायला हवं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नाग, धामण, अजगर, मांडूळ यांपैकी काहीही पकडून घरात ठेवणं, विकणं, त्यांचे खेळ करणं हा गुन्हा आहे. मांडुळाच्या बाबतीत तर हा गुन्हा रोज घडतो. दुतोंड्या म्हणून, गुप्तधनाच्या नावाने, वजनावर लाखोंचे सौदे होतात आणि एक निरुपद्रवी, उंदीर खाणारा साप पोत्यात गुदमरून मरतो. या अंधश्रद्धेला कोणी साथ देऊ नये. सुरगाण्याच्या आदिवासी परंपरेत सापाचं स्थान याच्या नेमकं उलट आहे. वाघदेवाच्या लाकडी किंवा दगडी खांबावर वाघाबरोबर नाग कोरलेला असतो, सूर्य आणि चंद्र कोरलेले असतात. वाघबारशीला त्याची पूजा होते. सीमेपलीकडे सापुताऱ्याला सर्पगंगेच्या काठी नागाची मूर्ती पुजली जाते. देव शिवारात असतो, तिथेच पुजायचा, घरात कोंडायचा नाही, ही त्या श्रद्धेतली समज मला फार मोलाची वाटते.

परदेशी सापांचं तसं नाही. आफ्रिकेतला बॉल पायथॉन आणि अमेरिकेतला कॉर्न स्नेक हे दोन बिनविषारी साप जगभर पाळले जातात. इंग्लंड-अमेरिकेतल्या मराठी घरांमध्येही मुलं हट्टाने ते आणतात आणि आजी-आजोबा तिथे गेले की घाबरतात. भारतात बॉल पायथॉनसारखे सायटीस या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले प्राणी बाळगणाऱ्यांनी २०२४च्या नियमांप्रमाणे केंद्राच्या परिवेश पोर्टलवर नोंद करणं बंधनकारक आहे. नोंद नसलेला साप विकत घेऊ नये, भेट म्हणूनही स्वीकारू नये. तो जंगलातून पकडलेला नाही याची खात्री देणारं दुसरं काही आपल्या हाती नसतं.

असा साप घरात आहे आणि थंडी पडली आहे, तर काम हाताळण्यापासून सुरू होत नाही, पेटीपासून होतं. पेटीच्या एका टोकाला ऊब हवी, दुसरं टोक त्यापेक्षा गार हवं, म्हणजे कुठे बसायचं ते साप ठरवतो. बॉल पायथॉनला उबेच्या बाजूला ३१ ते ३३ अंश आणि दुसरीकडे २५ ते २७ अंश लागतात. कॉर्न स्नेकला उबेच्या बाजूला २८ ते ३० अंश पुरतात आणि रात्री पारा आणखी थोडा उतरला तरी तो सोसतो. पेटीखाली ठेवायचा हीट मॅट तळाचा साधारण एक तृतीयांश भागच व्यापणारा असावा आणि तो थर्मोस्टॅटला जोडलेलाच असावा. यात काटकसर करू नये. सापाला पोटाखालची जास्तीची उष्णता वेळेवर कळत नाही, तो तापलेल्या जागेवर पडून राहतो आणि पोटाचे खवले भाजतात. तापणाऱ्या नकली दगडांनी अशा जखमा पुष्कळ होतात. काचेला चिकटवलेला काट्याचा थर्मामीटर पेटीतल्या हवेचंच तापमान सांगतो, तेही पुष्कळदा चुकीचं. वायरचा संवेदक असलेला डिजिटल थर्मामीटर घ्यावा आणि त्याचं टोक साप बसतो तिथे, जमिनीलगत ठेवावं. काचेची पेटी थेट उन्हात कधीच ठेवू नये. बंद काचेत पारा काही मिनिटांत जीवघेण्या पातळीवर जातो, हिवाळ्यातसुद्धा.

हातात घेण्यापूर्वी साप गरम झालेला असला पाहिजे. सकाळी उठल्या उठल्या, पेटी अजून थंड असताना त्याला बाहेर काढू नये. दुपारी, खोलीत निदान २२-२४ अंश असताना काढावा. पंखा बंद, दारं-खिडक्या लावलेल्या. आपले हात साबणाने धुवावेत, कोमट पाण्याने धुतले तर आणखी चांगलं, आणि नीट कोरडे करावेत. धुण्याची दोन कारणं आहेत. सापाच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात, म्हणून हाताळून झाल्यावर धुणं तर सक्तीचंच. आणि आधी धुवायचं ते हाताला उंदराचा किंवा कोंबडीचा वास नको म्हणून. बॉल पायथॉनच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात, तापमानातला अगदी थोडा फरकही त्यांना कळतो. थंड खोलीत आपला हात हा त्याला उठून दिसणारा गरम गोळा असतो, आणि त्याला उंदराचा वास आला तर साप भक्ष्य समजूनच झडप घालेल. म्हणून आधी कागदाच्या पुंगळीने किंवा हुकाने अंगाला हलकेच स्पर्श करावा. रोज असं केलं की स्पर्श झाला म्हणजे जेवण नाही, हे साप शिकतो.

उचलताना वरून डोक्याकडे झेप घेऊ नये, कारण तशी झेप ससाणा घेतो. बाजूने, अंगाच्या मधल्या भागाखाली हात सरकवावा आणि दुसऱ्या हाताने मागच्या भागाला आधार द्यावा. थंडीत स्नायू जरा आखडलेले असतात, म्हणून लोंबकळता ठेवू नये. हाताच्या त्वचेचं तापमान ३०-३३ अंश असतं, त्यामुळे साप तळव्याला, मनगटाला, बाहीच्या आत चिकटतो. त्याला ऊब हवी असते, आणि ती मिळवू देण्यात काही गैर नाही. पण दहा-पंधरा मिनिटं पुरे. अंग गार लागू लागलं, हालचाल मंदावली, किंवा तो डोकं वेटोळ्यात लपवू लागला की पेटीत परत. गळ्यात घालून फोटो काढण्यासाठी बाहेर अंगणात, मोटारसायकलवर, मित्राच्या घरी नेणं, असं थंडीत करू नये.

खाल्ल्यानंतर दोन दिवस तर हात लावूच नये. अजगराच्या कुळातला साप मोठी शिकार गिळतो तेव्हा त्याच्या शरीरात विलक्षण घडामोड होते. चयापचयाचा वेग कित्येक पटींनी वाढतो आणि बर्मी अजगराच्या हृदयाचा आकार दोन दिवसांत सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो, असं २००५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. हे सगळं उष्णतेवर चालतं. ऊब मिळाली नाही तर पोटातला उंदीर पचण्याऐवजी कुजतो आणि साप तो ओकून टाकतो. म्हणून पेटी पुरेशी उबदार ठेवता येत नसेल तर त्या आठवड्यात साप उपाशी ठेवावा. निरोगी, प्रौढ सापाला त्याने काही होत नाही. थंड पेटीत भरवलेला साप मात्र आजारी पडतो. श्वास घेताना घरघर, नाकातोंडाशी बुडबुडे किंवा चिकट लाळ, तोंड वर करून उघडं ठेवणं, ही श्वसनमार्गाच्या संसर्गाची लक्षणं आहेत. अशा वेळी निलगिरी, वाफ, हळद असले उपाय करू नयेत. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे न्यावं.

वीज गेली तर? थर्माकोलच्या खोक्यात, कापडी पिशवीत साप ठेवावा. बाटलीत कोमट पाणी भरावं, जाड टॉवेलात गुंडाळावी आणि खोक्याच्या एका कोपऱ्यात ठेवावी, सापाला चिकटवून नाही. झाकणाला हवेची भोकं हवीत. उकळतं पाणी, निखारे, हॉट वॉटर बॅग थेट अंगाला, यांतलं काहीही नको. काही तास २० अंशांवर राहिल्याने साप मरत नाही, घाईघाईने तापवल्याने मरतो.

सुरगाण्यात मात्र सापाला हात लागायची वेळ येते ती पाळण्यामुळे नाही, घरात शिरलेला साप बाहेर काढताना. तो हात प्रशिक्षित सर्पमित्राचा किंवा वनकर्मचाऱ्याचाच असला पाहिजे. थंडीत त्यांचं काम रात्री साप पकडून संपत नाही. रात्री अकरा वाजता पकडलेला नाग त्याच वेळी दूरच्या जंगलात नेऊन सोडला तर तो गारठ्यात, अनोळखी जागी, बीळ माहीत नसताना अडकतो. कर्नाटकात आगुंब्याला दूर नेऊन सोडलेल्या नागराजाच्या शरीरात ट्रान्समीटर बसवून माग काढला, तेव्हा असा साप आपल्या जातीतल्या इतरांपेक्षा कितीतरी जास्त भटकतो असं आढळलं. म्हणून रात्रीचा साप कापडी पिशवीत, तोंड घट्ट बांधून, मातीच्या मडक्यात किंवा हवेची भोकं असलेल्या बरणीत, कुलुपाच्या खोलीत ठेवावा. तमिळनाडूचे इरुळा आदिवासी विष काढण्यासाठी पकडलेले साप मडक्यांतच ठेवतात, आणि मातीचं भांडं तापमान झटकन चढू-उतरू देत नाही. चुलीशेजारी, बल्बखाली ठेवू नये. दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं वर आल्यावर, दहा-साडेदहाच्या पुढे, जिथे सापडला त्याच्या जवळपास, दगड किंवा झुडपाचा आडोसा असेल अशा जागी सोडावा. हाताने बाहेर ओढायचा नाही. पिशवीचं तोंड सोडून, हुकाने ती उलटी धरून मागे सरकायचं.

शेतात, बांधावर, पेंढ्याखाली दिसलेल्या सापाला तर कोणी हात लावायचं कारणच नाही. लहान मुलांना आणि कुत्र्यांना दूर घ्या, आणि ऊन वर येईपर्यंत दोन तास थांबा, तो आपोआप जाईल. घरात असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. चावलाच तर बांधू नका, कापू नका, भगताकडे वेळ घालवू नका. चावलेला हात-पाय हलू देऊ नका, १०८ ला फोन करा आणि प्रतिविष मिळेल अशा सरकारी रुग्णालयात लगेच न्या.